क्रूझचं तिकीट पाकिटात घालून देऊ नका

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण माझ्या भाच्या-पुतण्यांशी आहे, शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांशी आहे, आणि तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील सत्तरीच्या पुढे गेलेत आणि ज्यांच्या खिशात सध्या बरे पैसे खुळखुळताहेत, अशा सगळ्यांशीच आहे. (खुळखुळू देत. माझी त्याला ना नाही.)

विषय क्रूझचा. म्हणजे त्या मोठ्या, मजल्यांच्या, आत पोहण्याचा तलाव असलेल्या आगबोटीचा.

पूर्वी आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली की मुलं सत्यनारायण घालायची, फार तर काशीला नाही तर चारधामला पाठवायची. आता समारंभ कार्यालयात होतो, केक कापतात, आणि मग माइकवरून कुणीतरी सांगतं की आईबाबांसाठी एक 'सरप्राईज' आहे. पाकीट उघडतं, आत क्रूझचं तिकीट! टाळ्या, फोटो, आईच्या डोळ्यांत पाणी. आणि निघायचं कधी, तर येत्या शुक्रवारी. आमच्या भोरमध्ये आणि वेल्ह्याकडे (आता राजगड तालुका म्हणायचं, पण माझी जीभ अजून वळत नाही) गेल्या तीन-चार वर्षांत माझ्या माहितीतल्या चार घरांत हे असंच झालंय. चारही घरची मुलं गुणी आहेत, आईवडिलांवर माया करणारी आहेत. तरी माझं म्हणणं आहे की हे चूक आहे.

दुसरं काहीही सरप्राईज द्या. नवा टीव्ही द्या, शिर्डीला न्या, बनेश्वरला जेवायला घेऊन जा. वाटेत वडिलांना बरं वाटेनासं झालं तर गाडी वळवता येते. गोळी विसरली तर नसरापूरला दुकान आहे, कापूरहोळला आहे. बोटीचं तसं नाही. धक्क्यावरून दोर सुटले की तुमच्याजवळ जे आहे तेच आहे, आणि जे ठरवलंय तेच होणार आहे. म्हणजे क्रूझचा निम्मा प्रवास घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन करायचा असतो. आणि नेमका तोच भाग मुलं परस्पर उरकून टाकतात.

तुम्ही म्हणाल, बाई, तुमचं आयुष्य भोरमध्ये फळ्यावर लिहिण्यात गेलं, तुम्हाला बोटीचं काय कळतं! तर सांगते. मी भोरची सून. माहेर माझं हर्णैच्या बाजूचं. वरंधा घाट चढून मी इकडे आले ती लग्नानंतर. त्याआधी मुंबईला मावशीकडे जायचं म्हणजे बोटीनंच. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब पाण्यात उभी राहायची आणि आम्हाला पडावात बसवून तिच्यापर्यंत नेत. पडाव खालीवर, बोट खालीवर, आणि मध्ये हात धरून वर ओढणारा खलाशी. म्हातारी माणसं त्या क्षणी देवाचं नाव घ्यायची. पावसाळ्यात बोटी बंद असत. पुढे कोकणच्या बोटी हळूहळू कमी झाल्या आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीला ती सेवा संपलीच. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं आमच्या पिढीला अजून आठवतात.

सांगायचा मुद्दा हा की त्या काळी बोटीनं जाणारा माणूस तयारीनं जायचा. ट्रंकेवर रंगानं नाव लिहिलेलं, वळकटी वेगळी, लिंबं पदराला बांधलेली, डेकवर कुठे पथारी टाकायची हे वडिलांचं ठरलेलं. यंत्राच्या जवळ नको, वारा तोंडावर येईल अशी नको. बोट 'लागू' नये म्हणून आदल्या दिवशीपासून तेलकट बंद. आमच्या घरात कुणी फार शिकलेलं नव्हतं, पण बोटीचं शास्त्र सगळ्यांना पाठ होतं. शिवाय मनात धाक होता. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आजी ती अशी सांगायची की जणू काल घडली. लाटांनी बोट कलली आणि घाबरलेले लोक एका बाजूला धावले, हे ती प्रत्येक वेळी सांगायची.

आता काळ बदलला. मुंबई-गोवा अशी 'आंग्रिया' क्रूझ २०१८ साली सुरू झाली होती. कान्होजी आंग्र्यांच्या नावाशी नातं सांगणारं ते नाव, आम्हाला केवढं कौतुक! ती पुढे बंद पडली. मग २०२१च्या सप्टेंबरपासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' फिरू लागलं. १९९० साली बांधलेलं, दोनशे मीटरहून लांब, अकरा मजल्यांचं. गोवा, लक्षद्वीप अशा त्याच्या फेऱ्या. २०२३च्या पावसाळ्यात तेच जहाज चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या करत होतं. म्हणजे पडाव गेले, वळकट्या गेल्या, तरी पश्चिम किनाऱ्यावरचा पावसाळा आहे तसाच आहे. आपल्या बाजूनं जायचं तर दिवाळी ते एप्रिल हे दिवस धरावेत. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत बॅलार्ड पिअरला क्रूझसाठी मोठं नवं टर्मिनल उभं राहिलं, त्याचं उद्घाटन झालं. तेव्हा ही पाकिटं आता वाढणार, कमी होणार नाहीत. म्हणून हे भांडण आजच.

वेल्ह्याकडच्या एका गुरुजींची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, गावही नाही. गुरुजी आणि वहिनी, दोघांचं वय पंच्याहत्तरीच्या आसपास. मुलगा पुण्यात, चांगल्या नोकरीत. त्यानं पाकीट दिलं. तिकिटावर वडिलांचं नाव घातलं घरात हाक मारतात ते. आधार कार्डावर वेगळंच. धक्क्यावर दीड तास फोनाफोनी. शेवटी सोडलं आत, पण तोवर गुरुजी उभे राहून थकलेले. मोठी बॅग दारातच जमा करून घेतात, ती नंतर खोलीवर येते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इन्सुलिन त्या बॅगेत. बॅग आली रात्री नऊला. खोली मात्र सगळ्यांत महागाची, वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला, गच्चीसकट. मुलानं प्रेमानं घेतलेली. आणि बोटीत वरचा मजला आणि टोक हेच सगळ्यांत जास्त हलतं! वहिनींना बोट लागली ती दोन्ही रात्री. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "बोट छान होती हो बाई. आम्हालाच आधी कुणी काही विचारलं असतं तर आम्हीही तिच्यावर असतो."

यात दोष जहाजाचा नाही. मुलाच्या मायेचा तर नाहीच. गुरुजींनी चाळीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या, पन्नास पोरांची यादी, डबे, औषधाची पेटी, परतीची एसटी, सगळं त्यांच्या वहीत असायचं. त्या माणसाला स्वतःच्या सहलीत कुणी वहीच हातात दिली नाही. मला राग येतो तो याचा. म्हातारपणी माणसाकडून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. आधी स्कूटर, मग बँकेचं काम, मग बाजारहाट. प्रवास ठरवणं तरी त्याच्याकडे राहू द्या.

तर आता ही वही. मी स्वतः नणंदेबरोबर २०२३च्या डिसेंबरात मुंबई-गोवा करून आले, त्यातून आणि इतरांच्या अनुभवातून जमलेली. मुलांनी वाचावी, पण भरायची आईवडिलांनी.

पहिली गोष्ट म्हणजे भोर ते बंदर. आपल्याकडच्या माणसाला समुद्राची नाही तर रस्त्याची भीती बाळगायला हवी. भोरहून मुंबई दोनशे किलोमीटरच्या आसपास. त्यात खेड-शिवापूरचा टोलनाका, कात्रज, नवले पूल, पुढे लोणावळा-खंडाळा, आणि मुंबईत शिरल्यावरचं जे काही असेल ते. विमान चुकलं तर दुसरं विमान असतं. जहाज चुकलं तर ते गेलं, पैसेही बहुधा गेलेच. तिकिटावर चढण्याची वेळ बंद कधी होते ते लिहिलेलं असतं. जहाज सुटण्याची वेळ नव्हे, ही दार बंद होण्याची वेळ बघायची. काही जण म्हणतात, सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरू, साडेदहाच्या आत सीएसएमटीला, तिथून बॅलार्ड पिअर जवळच. खरं आहे. पण सव्वासातला पुणे स्टेशनवर असायचं तर भोरच्या माणसानं पहाटे साडेचारला घर सोडायचं, आणि वेल्ह्याच्या माणसानं त्याहून आधी. सत्तरीत रात्र जागून सहलीला सुरुवात करू नये. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. नातेवाईक असतील तर उत्तम, नाहीतर फोर्ट भागात साधं लॉज. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून गाडीनं शिवडीला उतरून बंदराकडे जाणं सोपं झालंय, तरीही आदल्याच दिवशी जा. यावर मी वाद घालणार नाही.

नाव. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर एक हवं. आपल्याकडे एकाच माणसाची चार नावं असतात. शाळेच्या दाखल्यावर एक, सातबारावर एक, आधारवर एक आणि घरात 'तात्या'. बायकांचं तर विचारूच नका, माहेरचं सासरचं मिळून आणखी घोळ. तिकीट काढण्याआधी ओळखपत्र समोर ठेवा. मूळ कार्ड बरोबर घ्या, नुसती झेरॉक्स चालेल असं गृहीत धरू नका. लक्षद्वीपला जायचं असेल तर तिथे बाहेरच्या माणसाला प्रवेशाचा परवाना लागतो. आपण भारतीय असलो तरी. जहाजवाले बहुतेक तो काढून देतात, पण त्यासाठी कागद वेळेवर द्यावे लागतात, येत्या शुक्रवारी निघायचं म्हणून चालत नाही.

औषधं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत एकही गोळी ठेवू नये. पिशवीत सहलीच्या दिवसांची अधिक आणखी तीन दिवसांची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, कवळीची डबी, एक साडी किंवा एक सदरा-लेंगा. इन्सुलिन असेल तर खोलीतल्या लहान फ्रीजच्या भरवशावर राहू नये, तो कधी नुसता गारसर असतो. तिकीट काढतानाच कंपनीला कळवावं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, हृदयाचं काही झालेलं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा की मी जाऊ का. जहाजावर डॉक्टर असतो, पण तिथे हॉस्पिटल नसतं, आणि बिल दणदणीत येतं. म्हणून प्रवासाचा विमा. त्या फॉर्ममध्ये जुने आजार विचारतात, तिथे मुलं घाईनं सगळीकडे 'नाही' अशी खूण करून मोकळी होतात, कारण त्यांना बाबांचे आजार पुरते माहीतच नसतात! मग वेळ आली की विमावाले हात वर करतात. हा एक फॉर्म तरी ज्याचा आजार आहे त्यानंच भरावा.

बोट लागण्याबद्दल. ज्यांना वरंधा घाटात गाडी लागते त्यांनी गृहीत धरावं की बोट लागू शकते. मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात, त्यामुळे डुलणं कमी होतं, पण बंद होत नाही. खोली घ्यायची ती जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावरची. ती स्वस्तही पडते, गंमत आहे की नाही! लिफ्टच्या जवळ मात्र मागा, कारण आतल्या बोळकांड्या एवढ्या लांब की जेवायला जाऊन येईपर्यंत गुडघे बोलायला लागतात. मळमळायला लागलं तर खोलीत झोपून राहू नये, उघड्या डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे बघत बसावं. आल्याची वडी, आवळासुपारी चालते. ॲव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, आणि म्हाताऱ्या माणसाला तिनं गुंगी येते, लघवी अडू शकते, तेव्हा प्रोस्टेटवाल्यांनी आणि काचबिंदूवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. नातवंडांबरोबर एकाच खोलीत जात असाल तर हेही विचारून घ्या की चौघांची झोपायची सोय कशी आहे. भिंतीतून खाली उतरणारा वरचा पलंग असतो, शिडीनं चढायचा. तो कुणाच्या वाट्याला येणार?

काय नेऊ नये ते आता. निरांजन, उदबत्ती, काडेपेटी चालत नाही. जहाजावर आगीएवढं भय दुसरं कशाचं नाही. माझ्या नणंदेनं देव्हाऱ्यातला लहान बाळकृष्ण आणला होता, रोज फूल नव्हतं, दिवा नव्हता, नुसता नमस्कार. तिची काही तक्रार नव्हती. चहाची विजेची किटली, इस्त्री घेऊ नये. अडकित्ता असेल तर घरीच ठेवा, तपासणीत अडेल. शाकाहारी जेवण आपल्याकडून सुटणाऱ्या जहाजांवर भरपूर मिळतं. उपवास असेल तर आधी कळवून ठेवावं. खरी अडचण वेगळीच आहे. दिवसभर समोर जेवण मांडलेलं असतं आणि मधुमेही माणसाला 'पैसे भरलेत' असं वाटत राहतं... पुढचं सांगायला नको. ताट उचलण्याआधी हात साबणानं धुवा, कारण हजारभर माणसं तीच पळी धरतात आणि जुलाबाची साथ जहाजावर फार पटकन पसरते.

पैशांचं असं की आत रोख रक्कम बहुधा चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटी आकडा समोर येतो. तिकिटात काय आलं आणि काय नाही, कर किती, सेवाशुल्क किती, हे निघण्याआधी लिहून घ्या. आणि फोन! किनारा सुटला की फोन जहाजावरच्या उपग्रहाच्या नेटवर्कला चिकटू शकतो, आणि त्याचे दर ऐकून घाम फुटतो. जहाज सुटताना फोन विमानातल्यासारखा बंद करा. दोन दिवस 'गुड मॉर्निंग' गेलं नाही तर कुणी उपाशी राहत नाही.

एका गोष्टीवर मात्र जास्त लिहिणार आहे, कारण तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जहाजावर चढल्यावर कवायत घेतात. संकट आलं तर कुठे जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते दाखवतात. लोक त्या वेळी सेल्फी काढत असतात नाहीतर खायला गेलेले असतात. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड जहाज खडकावर आपटून कललं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेणं बंधनकारक झालं. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. खोलीच्या दाराच्या मागे तुमच्या जमण्याची जागा लिहिलेली असते. तिथपर्यंत जिन्यानं एकदा चालून बघा, कारण त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. ऐकायला कमी येत असेल, चालायला वेळ लागत असेल, तर तिथल्या माणसाला तेव्हाच सांगा. यात लाजायचं काय? आमच्या कवायतीला मी पुढच्या रांगेत उभी होते. माझ्या मनात 'रामदास' होती.

उतरून फिरायचं असेल तर जहाजाच्या स्वतःच्या सहलीतून जावं. तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही बाहेरून टॅक्सी केलीत तर थांबत नाही. मुरगाव बंदरातून पणजी तीसेक किलोमीटर, आणि मंगेशीला जाऊन यायचं म्हटलं तरी अर्धा दिवस हाताशी हवा. आणि लक्षद्वीपला पुन्हा आमचा पडावच! जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान होडीतून बेटावर नेतात. समुद्र खवळला असेल तर उतरवतच नाहीत. गुडघे, कंबर, तोल यांचा हिशेब करूनच ते तिकीट घ्यावं, नाहीतर बेट लांबून बघून परत यायची तयारी ठेवावी. चाकाची खुर्ची लागत असेल तर ती आधी सांगूनच मिळते.

परदेशातल्या मुलांसाठी एक परिच्छेद. माझ्या चुलतबहिणीचा मुलगा सिएटलकडे असतो. आईवडील तिकडे गेले असताना त्यानं अलास्काची क्रूझ ठरवली, अर्थातच सरप्राईज. अलास्का अमेरिकेतच, मग व्हिसाचा काय प्रश्न? पण अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यामुळे परदेशी निशाणाची जहाजं अमेरिकेच्याच दोन बंदरांमध्ये सरळ प्रवासी नेऊ शकत नाहीत, वाटेत परक्या देशाचं बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिएटलची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागतात. मुलाकडे अमेरिकेचा पासपोर्ट, त्याला काही लागत नाही. आईवडिलांकडे भारतीय पासपोर्ट, त्यांना कॅनडाचा व्हिसा हवा, उतरा नाहीतर न उतरा. हे कळलं तीन आठवडे आधी, आणि तेवढ्यात व्हिसा झाला नाही. नातवंडं गेली, आजीआजोबा घरी राहिले. युरोपात भूमध्य समुद्राच्या फेरीतही असंच. जहाज मध्येच तुर्कस्तानला जाऊन परत इटलीला येणार असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा लागतो. बाबांनी दोन महिने आधी नुसता नकाशा पाहिला असता तर त्यांनीच विचारलं असतं, मध्ये हे कुठलं गाव लागतंय रे? भूगोल शिकवलाय त्यांनी.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, एवढं सगळं वाचून कोण जाईल! मी गेले ना. आणि सत्तरीनंतर जमिनीवरच्या सहलीपेक्षा ही सोपी आहे असं माझं मत झालंय. रोज बॅग भरायची नाही, रोज हॉटेल बदलायचं नाही, बसमध्ये आठ तास पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. संध्याकाळी तलावाच्या बाजूला गाण्यांचा कल्लोळ असतो, तो आपल्यासाठी नाही हे पहिल्याच रात्री कळलं. पण पहाटे साडेपाचला डेकवर आम्ही दोघी आणि झाडणारे दोन मुलगे, बाकी कुणी नाही. अंधारात मासेमारीच्या होड्यांचे दिवे. उजाडताना मी पूर्वेकडे बघत होते, कोकण दिसेल म्हणून. धुक्याची पट्टी होती, दिसलं काही नाही. पडाव लागायचा तो किनारा त्याच बाजूला होता एवढं मला ठाऊक होतं.

एक गोष्ट राहिली, ती एकट्या बायकांसाठी. हे गेल्यानंतर मी चार वर्षं कुठे गेले नव्हते. क्रूझचे दर दोघांत एक खोली असे धरलेले असतात. एकटीनं जायचं तर जवळजवळ दोघांचे पैसे मागतात. मला हा अन्याय वाटतो, आणि आमच्या वयाच्या किती बायका एकट्या आहेत ते भोरच्या कुठल्याही आळीत मोजून बघा. यावर उपाय म्हणजे जोडी जमवणं. नणंद, विहीण, जुनी सहशिक्षिका. घोरते का, पहाटे दिवा लावते का, हे आधी विचारून घ्यावं. पाकीट देणाऱ्या मुलांच्या डोक्यात आई एकटी असली की ही कल्पनाच येत नाही, मग तिला 'कोण सोबत जाणार' म्हणून घरीच ठेवतात.

आमचं दोघींचं येत्या फेब्रुवारीत लक्षद्वीपचं घाटतंय. आदल्या रात्रीच्या मुक्कामाचं दादरला भाच्याकडे सांगून झालंय. खोली खालच्या मजल्यावरची, मधली, लिफ्टपासून चौथी. नणंदेचा डावा गुडघा होडीत उतरू देईल का, हे तिनं कंपनीला फोन करून विचारलंय. ते म्हणाले, समुद्र शांत असेल तर दोन माणसं हात देऊन उतरवतात. डॉक्टरांकडे सोमवारी जायचं आहे. ते काय म्हणतात त्यावर पैसे भरायचे.